सातव्या रकान्यातलं गाव

१९ नोव्हेंबर, बुधवार

दहा वर्षांपूर्वीची एक दुपार आज सारखी आठवते आहे. जानेवारी असावा, कारण बाजारात अवरेकाळू आले होते. बंगळूरच्या लोकांना या पावट्याच्या शेंगांचं वेड. आम्हा बेळगावच्या माणसांना ते इथे येऊन लागतं. मी आणि माझ्याकडे कामाला येणारी जोहुरा स्वयंपाकघरातल्या फरशीवर समोरासमोर बसलो होतो आणि भिजवलेला एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढत होतो. एक दाणा उडाला तो थेट माझ्या चष्म्यावर. जोहुरा इतकी हसली, इतकी हसली, की मीच घाबरले. तेव्हा तुहिना तिच्या पोटात होती.

"आमच्या गावात तळ्याच्या घाटावर बायका अशाच बसायच्या दीदी, मासे साफ करायला," ती म्हणाली. गाव कुठलं, मी विचारलं. तिने सांगितलं. काजलडांगा, जिल्हा सातखिरा. सीमेच्या पलीकडचं. सात वर्षांची असताना मावशीचा हात धरून आली, त्याला आता तीस वर्षं होतील. मी म्हटलं, बरं, आणि आम्ही पुढचे दाणे सोलायला लागलो.

काल सकाळी पोलीस तिला घेऊन गेले.

आमच्या सोसायटीजवळच्या तळ्यामागे पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथून. सहा वाजता दोन जीपगाड्या आल्या. बाकीच्यांना कागद बघून सोडलं, हिला नाही. तुहिना शाळेच्या गणवेशातच धावत आमच्या फाटकाशी आली. वॉचमन सूर्यकांतने इंटरकॉमवरून मला सांगितलं, "अक्का, पोरगी आलीय, बोलत नाहीये." जोहुराचा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला त्याला तीन वर्षं झाली. तिला आईशिवाय कोणी नाही. मी तिला वर घेतलं, दूध दिलं. रडली नाही. गृहपाठ काढून बसली.

एक गोष्ट कळत नाही. गेल्याच महिन्यात सोसायटीने पोलीस तपासणीसाठी सगळ्या कामवाल्या बायकांचे अर्ज भरून घेतले. बी विंगमधल्या अकरा बायकांचे मीच भरले. चौतीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर लोकांचे फॉर्म भरले, ती सवय. बाकीच्या विंगांतले अर्ज अर्धे रिकामे होते. माझ्या अर्जांत एकही रकाना कोरा नव्हता. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा म्हणायच्या, रिकामा रकाना म्हणजे आळशी मुलगी. मग हिलाच का नेलं? हिचा अर्ज तर सगळ्यांत व्यवस्थित होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

पोलीस स्टेशनला गेले. आयुष्यात पहिल्यांदा. इस्त्रीची साडी नेसले, पर्समध्ये आधार, पेन्शनचं पुस्तक, सगळं घेतलं.

टेबलामागे सहायक उपनिरीक्षक शिवकुमार. चाळिशीचा, डोळे लाल, समोर थंड झालेली कॉफी. मी कन्नडमध्ये बोलले.

"तुम्ही तिच्या कोण, अम्मा?"

"कोणी नाही. ती माझ्याकडे काम करते."

"मग घरी जा अम्मा. उगाच त्रास नको."

"घरी तिची मुलगी आहे. ती संध्याकाळी विचारेल, तिला काय सांगू ते सांगा, मग जाते."

त्याने माझं आधार कार्ड उचलून वाचलं, आणि एकदम मराठीत, "बेळगावच्या का?"

"हो. तुम्ही?"

"खानापूर. आमच्या घरात मराठीच. आई अजून कन्नडचा एक शब्द बोलत नाही." मग आवाज खाली आणून, "मावशी, वरून आलंय. प्रत्येक स्टेशनला सीमेपलीकडचे लोक शोधायला सांगितलंय. महिन्याभरात."

"आणि नाही शोधले तर?"

"तर मला शोधतील."

आपल्याच विनोदावर तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. तेवढ्यात आतून साहेब बाहेर आले. शिवकुमार ताडकन उभा राहून पुन्हा कन्नडमध्ये मला म्हणाला, "सरी अम्मा, आता निघा."

जोहुराला शहराबाहेर परदेशी लोकांना ठेवतात त्या केंद्रात हलवलं आहे. तिथून सीमेवर नेतील. कधी, ते सांगत नाहीत. निवेदिता पाटणकर नावाच्या वकील मुलीचा नंबर शिवकुमारने पावतीच्या मागे लिहून दिला. "माझं नाव घेऊ नका," म्हणाला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

अभिजीतचा डॅलसहून फोन. श्वेताने त्याला मेसेज केला असणार. श्वेता म्हणजे आमच्या सोसायटीची सेक्रेटरी, समोरच्या फ्लॅटमध्ये राहते, पुण्याची.

"आई, तू पोलीस स्टेशनला गेली होतीस?"

"तुला कसं कळलं?"

"फोनवर नको बोलूस. व्हॉट्सअ‍ॅपवर तर काहीच लिहू नकोस."

मी म्हटलं, अरे, मी काय चोरी केली? तर म्हणाला, तसं नाही, इथे सध्या वातावरण बरं नाही. तो आता दूध आणायला गेला तरी पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद गाडीत ठेवतो. मी म्हटलं, तुझं तर सगळं कायदेशीर आहे, बारा वर्षं टॅक्स भरतोस, तुला कसली भीती? तो म्हणाला, "भीती कागद बघून येत नाही, आई."

बिचारा दमला आहे. व्हिटॅमिन डी तपासून घे म्हटलं.

तुहिना आज पहिल्यांदा पोटभर जेवली. मला अज्जी म्हणते. आम्ही दोघी कन्नडमध्येच बोलतो, तिला तीच भाषा सगळ्यांत बरी येते. चौथीत पहिली आहे. कावेरीच्या उपनद्या घडाघडा म्हणून दाखवल्या.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज शिवकुमारने फाइल उघडली.

"मावशी, तिच्याकडे आधार आहे, रेशन कार्ड आहे. बाकी वस्तीतल्या कोणाविरुद्ध काही सापडलं नाही, सगळ्यांनी जन्मगाव नदिया नाहीतर मुर्शिदाबाद, आपल्या बंगालातलं, सांगितलं. ही एकटीच सापडली. यामुळे."

आणि त्याने तो कागद माझ्यासमोर ठेवला.

माझं अक्षर. निळी शाई. सातवा रकाना, जन्मगाव. काजलडांगा, जिल्हा सातखिरा, बांगलादेश. खाली जोहुराची सही. ती सहीसुद्धा मीच तिला गिरवायला शिकवली होती.

"अक्षर मात्र छापल्यासारखं आहे," तो म्हणाला. टोमणा नव्हता. खरंच कौतुकाने म्हणाला.

मी पाणी मागितलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लिहावंसं वाटत नाही. लिहून काय झालं ते दिसतंच आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

काल शिवकुमारने मला बाजूला घेऊन एक वाट सुचवली. "मावशी, लिहून द्या, वयामुळे घोटाळा झाला. अकरा अर्ज एकदम भरले, एकीचं गाव दुसरीला लागलं. सत्तरीच्या बाईला कोण काय बोलणार?"

मी अडुसष्टची आहे. पण घरी येऊन मी ते पत्र लिहिलं. चार वेळा. आयुष्यात लिहिलेलं पहिलं खोटं पत्र, आणि तेसुद्धा समास सोडून, परिच्छेद पाडून. ते घेऊन आज एचएसआर लेआउटमध्ये निवेदिताच्या ऑफिसात गेले. ऑफिस कसलं, गॅरेजच आहे. फायली जमिनीवर, मांजर फायलींवर. मुलगी नागपूरची, तिशीची, केस विंचरायला वेळ नसलेली.

तिने पत्र वाचलं. "हे खरं आहे का काकू?"

"नाही."

"मग हे काहून लिहिलंत?"

"ती सुटेल म्हणून."

"नाही सुटणार. जोहुराने तिथे जबाब दिलाय, त्यात तेच गाव सांगितलंय. तुम्ही खोट्या पडाल, मग ती खोटी पडेल, मग त्यांना हवं तेच मिळेल." तिने पत्र मांजराच्या खाली सरकवलं. "ती तिकडची आहे, हे आपण नाकारायचंच नाही. आपण विचारायचं, तीस वर्षं इथे राहिलेल्या बाईला सुनावणी न देता, मुलीची ताटातूट करून, सीमेवरच्या शेतातून पलीकडे ढकलून देणार का? एवढंच."

"आणि एवढं विचारून चालतं?"

"कधी चालतं, कधी नाही. तुम्ही प्रतिज्ञापत्र द्याल? खरं?"

मी हो म्हटलं. पण मनात अजून ते दुसरं पत्रच घोळतंय. खोटं बोलायची तयारी झाल्यावर ते वाया गेलं, याचंही वाईट वाटतं. माणूस कसा असतो.

४ डिसेंबर, गुरुवार

केंद्रात भेट मिळाली. वीस मिनिटं. भिंती नव्या रंगवलेल्या, निळ्या, लहान मुलांच्या शाळेसारख्या. मध्ये जाळी. पलीकडे जोहुरा. केस तेलाशिवाय, पण वेणी घट्ट.

आधी तुहिनाचं विचारलं. खाते का, रात्री कुशीवर वळते का, शाळेत सहल आहे त्याचं काय झालं. मी सगळं सांगितलं आणि मग म्हटलं, "जोहुरा, तो अर्ज. ते मी लिहिल्यामुळे झालं."

"माहीत आहे मला."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला? तुम्ही मला वाचून दाखवला होता ना. गावाचं नाव वाचलंत तेव्हा मी बघत होते. काजलडांगा. आजपर्यंत ते कुठल्या कागदावर कोणी लिहिलं नव्हतं, दीदी. इतकं छान दिसत होतं. मला वाटलं, राहू दे."

मी पदर डोळ्यांना लावला. ती जाळीजवळ आली. तिचा आवाज बदलला.

"आता रडू नका. तुमच्या रडण्याचं मी इथे काय करू? छान लिहिलंत ना? आता तसंच छान लिहून मला बाहेर काढा."

वेळ संपल्याची घंटा झाली. जाताना वळून म्हणाली, "आणि तिला अंडं उकडून देऊ नका. पोळा करून द्या. उकडलेलं ती खिडकीतून टाकते."

घरी येऊन खालच्या छज्ज्यावर बघितलं. सात अंडी.

५ डिसेंबर, शुक्रवार

तुहिनालाही अर्जाचं सांगितलं. नऊ वर्षांच्या मुलीला सांगावं की नाही, यावर रस्ताभर स्वतःशी वाद घातला. पण ती उद्या दुसऱ्या कोणाकडून ऐकणार, त्यापेक्षा माझ्याकडून.

ती बराच वेळ पेन्सिलीला टोक काढत राहिली.

"अज्जी, तुम्हाला खोटं बोलता येत नाही?"

"नाही गं."

"आमच्या शाळेत सगळ्यांना येतं."

मग ताट सरकवून खाली भागुबाईकडे गेली. भागुबाई आमच्या विंगचे जिने झाडते, विजापूरकडची. दोन्ही वेळा तिच्या डब्यातली भाकरी खाल्ली. भागुबाई वर येऊन मला म्हणाली, "रागावू द्या अक्का, राग आला म्हणजे पोरगी ठीक हाय."

रात्री अंथरुणावर तिने पाठ केली माझ्याकडे. पण माझ्या पदराचं टोक हातात होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सोसायटीची सभा. विषय दुसरा: "नॉन-रेसिडेंट मुलांचा मुक्काम". मुलं नव्हे, एकच मूल.

श्वेता माइकवर बोलत होती. "काकू, प्लीज पर्सनली घेऊ नका. इट्स अबाउट सेफ्टी. उद्या मीडिया आला, पोलीस आले, तर पूर्ण सोसायटीचं नाव येतं. पॉलिसी सगळ्यांना सेम."

मी उठले. मला सभेत बोलायची सवय नाही. म्हटलं, "श्वेता, तुला दुपारच्या मीटिंगा असायच्या तेव्हा तुझ्या तनयला भरवायला कोण यायचं?"

"काकू, ते वेगळं."

"तो तिला कोणत्या नावाने हाक मारायचा?"

ती कागद चाळायला लागली. तनय जोहुराला 'मा' म्हणायचा. सगळ्या विंगला माहीत आहे. ठराव झाला: महिनाभरात मुलीची दुसरी सोय करावी, तोवर तिने बागेत आणि लिफ्टमध्ये एकटीने जाऊ नये. हात वर करणाऱ्यांत दोघेजण असे होते ज्यांना मी ओळखते आणि जे माझ्याकडे बघत नव्हते.

संध्याकाळी बेल वाजली. श्वेता. हातात पिशवी, तनयचे जुने स्वेटर. "थंडी आहे काकू. तिला होतील. फक्त कोणाला सांगू नका." डोळे सुजलेले होते. तिला हल्ली कामाचा फार ताण आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

कोर्ट.

लाकडी बाकावर सकाळी दहापासून बसलो, नंबर आला तो चारला. सरकारी वकील म्हणाले, अशा बायकांना बाहेर ठेवलं तर उद्या त्या गायब होतील, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. तो माणूस वाईट वाटला नाही. घाबरलेला वाटला. एकच ओळ त्याने दोनदा वाचली.

निवेदिताने माझं प्रतिज्ञापत्र वाचलं. मी ते स्वतः लिहिलं होतं, तिने फक्त कलमं घातली. त्यातला एवढा भाग इथे उतरवून ठेवते:

"सरकारने विचारलं म्हणून मी लिहिलं. मी विचारलं म्हणून तिने खरं सांगितलं. त्या वस्तीत जे खरं बोलले नाहीत ते आज आपापल्या घरी आहेत. जी खरं बोलली ती कोठडीत आहे. मी चौतीस वर्षं सरकारच्या काउंटरवर बसून लोकांना 'खरं लिहा, काही होणार नाही' असं सांगत आले. माझं ते सांगणं खोटं ठरू नये, एवढीच विनंती आहे."

न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "या बाईला बाहेर ठेवायचं तर कुठे? हमी कोण घेतं?"

मी उभी राहिले. कोणी उठायला सांगितलं नव्हतं.

आदेश असा: तिच्या देशाकडून उत्तर येईपर्यंत आणि रीतसर सुनावणी होईपर्यंत जोहुराला कुठेही पाठवायचं नाही. तोवर मुलीसह हमीदाराच्या, म्हणजे माझ्या पत्त्यावर राहावं. दर सोमवारी दहा वाजता पोलीस स्टेशनला हजेरी. पत्त्याचा पुरावा आणि घरमालकाची लेखी संमती पंधरा दिवसांत. नाही दिली तर आदेश संपला.

"जिंकलो का आपण?" मी विचारलं.

"मुदत मिळाली, काकू. आमच्या धंद्यात यालाच जिंकणं म्हणतात," निवेदिता म्हणाली आणि बाहेर येऊन तिने दोन प्लेट इडली खाल्ली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

घरमालक म्हणजे अभिजीत. फ्लॅट त्याच्या नावावर आहे.

मी फोनवर आदेश वाचून दाखवला, तो त्याने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाला, "आई, नाही जमणार गं. माझं ग्रीन कार्ड अडकलंय. माझ्या पत्त्यावर परदेशी नागरिक, कोर्टाची केस, हे सगळं नेटवर येणार. उद्या इथे कोणी माझं नाव टाकून बघितलं तर? मला खोलीत घेऊन विचारतात आई, तास तासभर. जानेवारीत पुन्हा प्रवास आहे."

"कोण विचारतं?"

"एअरपोर्टवर. सोड." आणि तो रडला. अडतीस वर्षांचा माणूस.

मी रागावले नाही. माझा मुलगा भित्रा नव्हता. पाचवीत असताना पोहायला येत नसताना दुसऱ्या मुलाला काढायला विहिरीत उतरला होता, त्याच्या बाबांनी दोघांना बाहेर काढलं. अशा मुलाला इतकं घाबरवून कोणाला काय मिळतं? मी त्याला म्हटलं, सही करू नकोस. मी दुसरं घर बघते. तो म्हणाला, कुठे जाशील या वयात? मी म्हटलं, बंगळूर लहान आहे का?

फोन ठेवल्यावर मात्र कॅलेंडर काढून मोजलं. चौदा दिवस राहिले.

२३ डिसेंबर, मंगळवार

चार घरं बघितली. पहिल्याने "कोण कोण राहणार" विचारलं, मी सांगितलं, त्याने दार लावलं. दुसऱ्याने ऐकून घेतलं, मग दार लावलं. तिसरी बाई म्हणाली, तुम्ही एकट्या या, आनंदाने. चौथं घर आवडलं होतं.

मग सुधींद्र आठवला. सुधींद्र राव, वीस वर्षं माझ्या शेजारच्या काउंटरवर रजिस्टर पोस्ट घ्यायचा. जे. पी. नगरला घर आहे, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. तो शंभर गोष्टी विचारणार म्हणून मुद्दाम शेवटी ठेवला होता. विचारल्याच.

"पोलीस येणार?"

"येतील. तीही दर सोमवारी जाईल."

"पेपरात नाव?"

"कदाचित."

"मासे?"

"बंगाली आहे, सुधींद्र. मासे येणारच."

त्याने कपाळावर हात मारला. "महानंदा मॅडम, पोलीस चालतील, पण मासे!" आणि आत जाऊन बायकोला विचारून आला. दहा मिनिटांनी. "ती विचारते, मुलगी शाळेत जाते का?"

"चौथीत. पहिली येते."

"मग येऊ दे, म्हणते. मासे गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात. वारा बघून."

संमतीपत्रावर त्याने सही केली तेव्हा हात थांबला क्षणभर. मी बघितलं. मग त्याने खाली तारीखही घातली, वेळही घातली. पोस्टातला माणूस.

२९ डिसेंबर, सोमवार

शिवकुमार नव्या पत्त्याची तपासणी करायला आला. दोन्ही खोल्या बघितल्या, खिडक्या मोजल्या, नळ सोडून पाहिला. त्याच्या छापील फॉर्मवर लिहिता लिहिता थांबला.

"मावशी, 'राहणाऱ्या व्यक्तीचं हमीदाराशी नातं'. काय लिहू? कामवाली?"

"नको."

"मग?"

स्टेशनात मी 'कोणी नाही' म्हटलं होतं, ते आठवून तोंड गरम झालं. "तिला विचारून सांगते. तोवर कोरा ठेवा."

"कोरा? तुम्ही म्हणताय?" तो हसला. या वेळी डोळ्यांपर्यंत. पण कोरा ठेवला, आणि शेजारी पेन्सिलीने छोटी खूण केली.

जिन्यात म्हणाला, "माझी बदली होतेय, मावशी. रायचूरकडे." कशाबद्दल, ते त्याने सांगितलं नाही. बढती असेल.

३ जानेवारी, शनिवार

पत्ता मुदतीत कोर्टात दाखल झाला, शिक्का बसला. सोमवारी सकाळी जोहुरा सुटणार. स्टेशनची पहिली हजेरी त्याच दिवशी, म्हणजे केंद्रातून थेट तिथेच जायचं. तुहिनाची शाळा बुडेल. बुडू दे. पुढे काय, ते कोर्टालाही माहीत नाही. तिकडून उत्तर आलं तर तिला जावं लागेल. तेव्हा निदान दिवसाउजेडी, कागदानिशी, मुलीचा हात धरून जाईल, आणि मी सीमेपर्यंत बरोबर जाईन. नाही आलं तर सोमवार, पुन्हा सोमवार. माझ्याकडे सोमवार पुष्कळ आहेत.

नवीन जागा दोन खोल्यांची. निम्म्याहून जास्त सामान इथेच सोडायचं. उद्या टेम्पो यायच्या आत ही यादी स्वच्छ कागदावर उतरवून सूर्यकांतकडे द्यायची आहे. त्याने त्याप्रमाणे वाटावं.

फ्रिज भागुबाईला. दार नीट लागत नाही, गुडघ्याने ढकलायचं, हे तिला करून दाखवावं. मोठा पलंग नवीन जिन्यातून चढत नाही. सूर्यकांतने स्वतः न्यावा, त्याच्या बायकोची पाठ धरलेली असते. गादी कापसाची आहे, ऊन दाखवत राहावं. लोखंडी कपाट निवेदिताच्या ऑफिसात पोचवायचं, फायली जमिनीवरून उठतील. मांजराची सोय तिने बघावी. कॅरम बोर्ड तनयला. श्वेताला बिडाचं आप्पेपात्र. तनयला ज्या चवीचे आवडतात त्यांची कृती मी जोहुराला विचारून नंतर लिहून पाठवीन. श्वेताने कोणाला सांगायचं की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

शिवकुमारला वस्तू काही द्यायची नाही, ती लाच होईल. त्याच्या आईला खानापूरच्या पत्त्यावर मी पत्र टाकणार आहे की मुलगा चांगला वाढवला.

यांची पुस्तकं, चष्मा, हार्मोनियम माझ्याबरोबर. फ्लॅटच्या दोन्ही किल्ल्या, वीजबिलांची फाइल आणि लॉकरची चावी अभिजीतच्या नावाने पाकिटात. त्याचा बेळगावचा जन्मदाखला, मूळ प्रत, आणि शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतः रजिस्टर पोस्टाने डॅलसला पाठवते. गाडीत ठेवायला त्याला उपयोगी पडेल.

आणि नवा पत्ता. तो मोठ्या अक्षरात लिहून फाटकाजवळच्या केबिनमध्ये लावावा. दूधवाला, पोस्टमन, गॅसवाला, सोसायटीतलं कोणी, पोलीस, कोणीही जोहुराचं विचारत आलं तर सूर्यकांतने ती इथे नाही असं म्हणून परत पाठवू नये. पत्ता द्यावा. जो मागेल त्याला द्यावा.